पायाखालचा पाषाण आणि ज्ञानाची सीमा

१. विषयप्रवेश

ज्ञान वाढले की अज्ञान तेवढ्याच प्रमाणात घटते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोठारातील धान्याची रास वाढत जावी आणि रिकामी जागा कमी कमी होत जावी, तसे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. शालेय पाठ्यपुस्तके ही समजूत अधिकच दृढ करतात; कारण त्यांत प्रश्न आणि उत्तर ही नेहमी जोडीने येतात, आणि एकदा उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा डोके वर काढीत नाही. विज्ञानाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. एखाद्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले की त्या उत्तराच्या पोटातूनच दोनचार नवे प्रश्न बाहेर पडतात, आणि ते असे असतात की उत्तर मिळण्यापूर्वी ते कोणास सुचणेही शक्य नव्हते.

ह्या गोष्टीचा नीट उलगडा व्हावा म्हणून अज्ञानाचे दोन प्रकार मानणे सोयीचे होईल. पहिल्या प्रकारात एखादी गोष्ट आपणास ठाऊक नसते, आणि ती ठाऊक नाही हे आपण जाणून असतो. दुसऱ्या प्रकारात ती गोष्ट ठाऊक नसतेच. परंतु ठाऊक नाही ह्याचीही आपणास जाणीव नसते, आणि सर्व काही ठाऊक आहे अशा खात्रीने आपण वागत असतो. पहिले अज्ञान जिज्ञासेला जन्म देते. दुसरे अज्ञान घात करते. ज्ञान वाढते तेव्हा दुसऱ्या प्रकारचे अज्ञान पहिल्या प्रकारात येते, आणि म्हणूनच ज्ञानी मनुष्यास आपले अज्ञान वाढल्यासारखे वाटते. वस्तुतः ते पूर्वीही तेवढेच होते. आता ते दिसू लागले, इतकेच.

हा विचार केवळ तत्त्वज्ञानाचा नव्हे. त्याचा संबंध घरांच्या भिंतींशी, धरणांच्या बांधणीशी आणि माणसांच्या प्राणांशी कसा येतो, हे प्रस्तुत पुस्तिकेत एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे. ते उदाहरण म्हणजे दक्षिण भारताच्या पायाखालचा खडक. बेंगळूर नगरीत तो उघड्यावर दिसतो; महाराष्ट्रात तो काळ्या पाषाणाच्या थरांखाली दडलेला आहे. तेव्हा जेथे तो डोळ्यांनी पाहता येतो तेथूनच आरंभ करू.

२. बनशंकरीच्या परिसरातील खडक

बादामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता होय. तिचेच नाव धारण करणारी बनशंकरी ही बेंगळूरच्या दक्षिण भागातील मोठी वसाहत आहे. ह्या भागात आणि आसपास घराचा पाया खोदताना किंवा कूपनलिका घेताना थोड्याच खोलीवर एक करडा, कठीण खडक लागतो. बसवनगुडीतील ब्यूगल रॉक हा त्याचाच उंचवटा होय. मेट्रोच्या हिरव्या मार्गाने बनशंकरीहून उत्तरेकडे निघाल्यास चौथे स्थानक लालबागेचे येते. लालबागेत हा खडक एका विस्तीर्ण उघड्या टेकडीच्या रूपाने पाहावयास मिळतो. टेकडीच्या माथ्यावर केंपेगौडाचा लहानसा मनोरा आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ही टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केली आहे.

खडक जवळून पाहिला असता त्यात फिकट आणि गडद रंगांचे पट्टे एकमेकांस लागून गेलेले दिसतात. काही ठिकाणी ते सरळ असतात, तर काही ठिकाणी मळलेल्या कणकेप्रमाणे वळलेले व दुमडलेले असतात. ह्या पट्ट्यांमुळे मराठीत ह्या जातीच्या खडकास पट्टिताश्म असे नाव पडले. इतरत्र तो नाईस म्हणून ओळखला जातो. म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ ह्यांनी १९१६ साली ह्या खडकास ‘द्वीपकल्पीय नाईस’ अशा अर्थाचे नाव दिले. हे नाव रूढ झाले, कारण दक्षिण द्वीपकल्पाच्या फार मोठ्या भागाचा पाया ह्याच कुळातील खडकांचा आहे.

असा खडक भूपृष्ठावर तयार होत नाही. अतिशय उष्णता आणि प्रचंड दाब ह्यांच्या संयोगाने तो जमिनीत कित्येक किलोमीटर खोल घडतो. आज तो उन्हात उघडा पडला आहे, ह्याचा अर्थ असा की त्याच्यावरील तेवढ्या जाडीचा भाग वारा, पाऊस आणि नद्या ह्यांनी कालांतराने झिजवून वाहून नेला आहे. सकाळी फिरावयास येणारी माणसे ज्या दगडावर क्षणभर विसावतात, तो दगड एकेकाळी पर्वतांच्या मुळाशी होता. एवढी गोष्ट समजली की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: ह्याला किती काळ लागला असेल?

३. वय कळले आणि कोडे वाढले

पृथ्वीचे वय किती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा होता. लॉर्ड केल्व्हिन हे त्या काळचे अग्रगण्य पदार्थवैज्ञानिक. पृथ्वी आरंभी वितळलेल्या स्थितीत होती आणि तेव्हापासून ती थंड होत आली आहे, असे गृहीत धरून त्यांनी थंड होण्यास लागलेला काळ गणिताने काढला. १८९७ साली त्यांनी दिलेला अंदाज २ ते ४ कोटी वर्षांचा होता. गणितात दोष नव्हता. परंतु खडकांत उष्णता निर्माण करणारा किरणोत्सर्ग, आणि पृथ्वीच्या अंतर्भागात चालणारे पदार्थाचे मंद अभिसरण, ह्या दोन्ही गोष्टी त्या हिशोबात नव्हत्या. किरणोत्सर्गाचा शोध आंरी बेकेरेल ह्यांना १८९६ साली लागला होता. त्याचा पृथ्वीच्या वयाशी असलेला संबंध कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. केल्व्हिन ह्यांचे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते. जे त्यांस ठाऊक नव्हते, ते आपल्या हिशोबातून वगळले गेले आहे हे कळण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते.

किरणोत्सर्गाने जुना हिशोब मोडला, परंतु त्याबरोबरच नवे घड्याळही दिले. युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचे शिशात रूपांतर ठरलेल्या गतीने होत असते. खडकातील कणांत मूळ द्रव्य किती उरले व शिसे किती साठले हे मोजले की त्या कणांचे वय काढता येते. ह्याच तत्त्वावर क्लेअर पॅटर्सन ह्यांनी १९५६ साली अशनींच्या अभ्यासावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. लालबागेच्या खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याचा जवळजवळ दोनतृतीयांश काळ ह्या खडकाने पाहिला आहे.

वय कळताच कोडे सुटावयास हवे होते. प्रत्यक्षात ते वाढले. इतक्या प्राचीन काळी खंडे कशी घडत होती? आज भूपट्टांची जी हालचाल चालते ती तेव्हा सुरू झाली होती काय? ह्या खडकात अडकलेले अधिक जुन्या खडकांचे काळसर तुकडे कोठून आले? वय ठाऊक नव्हते तोवर ह्यांपैकी एकही प्रश्न नेमकेपणाने मांडता आला नसता. आज त्यांवर जगभर संशोधन चालू आहे.

ह्या दीर्घ वयावरून मात्र एक निष्कर्ष फार घाईने काढला गेला, आणि तोच आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जो खडक ३०० कोटी वर्षे टिकला तो आता स्थिर झाला असला पाहिजे, असे मानले गेले. हिमालय तरुण म्हणून अस्थिर. दक्षिणेचे पठार वृद्ध म्हणून शांत. भूकंप व्हावयाचे ते आसामात, बिहारात, काश्मिरात. दख्खनच्या पठारास त्यांचे भय नाही. ही समजूत पाठ्यपुस्तकांत होती आणि अभियंत्यांच्या मनांतही होती. तिची परीक्षा महाराष्ट्रात व्हावयाची होती.

४. कोयना: १९६७

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. त्यामागील शिवाजीसागर जलाशयात १९६१–६२ च्या सुमारास पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात आसपासच्या गावांना लहान लहान धक्के जाणवू लागले आणि जमिनीतून येणारे गडगडाटी आवाज ऐकू येऊ लागले. परिसरात भूकंपलेखक यंत्रे बसविण्यात आली. धक्क्यांची नोंद होऊ लागली. परंतु त्यांतून काय अनर्थ ओढवणार आहे ह्याची कल्पना कोणासही आली नाही.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारनंतर ६.३ महत्तेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासच्या वस्त्यांतील घरे कोसळली आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. परंतु धरण उभे राहिले, आणि पुढे त्यास भक्कम आधारभिंतींची जोड देण्यात आली. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या ५ शतांश इतका आडवा जोर गृहीत धरलेला होता. जेथे भूकंप होत नाहीत असे मानले जाई त्या प्रदेशासाठी ती सावधगिरी पुरेशी वाटली होती. भूकंपाच्या वेळी धरणातील यंत्राने नोंदविलेले कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ६३ शतांश होते, म्हणजे गृहीतकाच्या बारापटींहून अधिक.

त्या काळच्या भूकंप-विभागांच्या नकाशात शून्यापासून सहापर्यंत सात विभाग होते, आणि कोयनेचा प्रदेश कमी धोक्याच्या विभागात मोडत असे. १९७० साली नकाशा सुधारण्यात आला तेव्हा कोयनेस चौथ्या विभागात स्थान मिळाले आणि विभागांची संख्या पाचावर आली. ह्या सुधारणेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे: ‘शून्य’ हा विभागच नाहीसा करण्यात आला. एखाद्या प्रदेशास भूकंपाचा धोका शून्य आहे असे ठामपणे सांगण्याइतके ज्ञान आपणापाशी नाही, ह्याची ती अधिकृत कबुली होती. नकाशा अधिक अचूक झाला, आणि त्यातील खात्रीचा एक रंग पुसला गेला.

५. पाण्याचा भार आणि खडकाचा ताण

कोयनेच्या भूकंपाने एका नव्या अभ्यासशाखेस चालना दिली. मोठ्या जलाशयांमुळे भूकंप होऊ शकतात, हा संशय अमेरिकेतील हूव्हर धरणामागील मीड सरोवराच्या अभ्यासातून पूर्वीच व्यक्त झाला होता. चीनमधील शिनफंगज्यांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता ह्या जलाशयांपाशी अनुक्रमे १९६२, १९६३ आणि १९६६ साली ६ हून अधिक महत्तेचे भूकंप झाले होते. कोयनेचा भूकंप ह्या मालिकेतील सर्वांत मोठा ठरला.

आरंभी असे वाटणे स्वाभाविक होते की, पाण्याच्या वजनानेच जमीन खचली असावी. जलाशयाची मूळ क्षमता सुमारे २८० कोटी घनमीटर होती. तेवढ्या पाण्याचे वजन २८० कोटी टन भरते. आकडा प्रचंड दिसतो. परंतु थोडा हिशोब केला असता चित्र पालटते. शंभर मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम असतो. भूकंप मात्र कित्येक किलोमीटर खोलीवर उद्भवतात. पाच किलोमीटर खोलीवर केवळ वरच्या खडकाचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,३५० किलोग्रॅम असतो. ह्याच्या तुलनेत पाण्याने घातलेली भर एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्याशा भाराने ६.३ महत्तेचा भूकंप कसा व्हावा?

त्याचे उत्तर असे की, भूकंप घडविणारा ताण खडकात आधीपासूनच साठलेला होता. पाण्याने केवळ त्यास निमित्त पुरविले. खडकातील भेगांत पाणी शिरले की त्याचा दाब भेगेच्या दोन्ही बाजूंस एकमेकींपासून दूर रेटतो, आणि त्यांना जखडून ठेवणारे घर्षण कमी होते. जी भेग सरकण्याच्या बेतात आहे तिला एवढा धक्का पुरतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी एक थेंब पडावा आणि पाणी सांडावे, त्यातलाच हा प्रकार.

उत्तर चांगले आहे. परंतु त्याने उभ्या केलेल्या प्रश्नाकडे पाहावे. जर ताण आधीपासून होता, तर ‘वृद्ध आणि शांत’ अशा पठारात तो साठला कसा आणि केव्हा? शिवाय जगात मोठी धरणे हजारोंनी आहेत. जेथे जलाशयाचा भूकंपांशी संबंध आढळला अशी स्थळे शंभराच्या थोडी वर आहेत. मग कोयनाच का? हेही आढळून आले की, इतर बहुतेक ठिकाणी असे धक्के काही वर्षांत मंदावतात. कोयनेच्या परिसरात मात्र ते साठ वर्षांच्या आसपास चालूच राहिले आहेत. त्यांत ५ हून अधिक महत्तेचे वीसाहून अधिक धक्के आहेत, आणि सर्व हालचाल सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा छोट्या क्षेत्रात एकवटलेली आहे. दक्षिणेस वारणा नदीवरील धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले. पुढे धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूस पसरले. पाणी किती वेगाने चढते, किती काळ उच्च पातळीवर राहते आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडते की नाही, ह्यांच्याशी मोठ्या धक्क्यांचा संबंध अभ्यासकांनी दाखविला. तरीही मोठा धक्का कोणत्या दिवशी होईल हे सांगता येत नाही.

६. किल्लारी: १९९३

कोयनेच्या अनुभवातून एक नवी समजूत तयार होऊ लागली होती: पठार एरवी स्थिर आहे, जेथे मोठा जलाशय आहे तेथेच काय ती भीती. ही समजूतही टिकावयाची नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी आणि आसपासची गावे ६.२ महत्तेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपी गेली होती. सुमारे आठ हजार प्राणांची हानी झाली. त्या भागातील घरांच्या भिंती गोट्यांच्या व मातीच्या, दोन दोन हात जाड. माळवदावर उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून मातीचा जाड थर. हीच घरे त्यांतील माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणारी ही रचना भूकंपात प्राणघातक ठरेल, हे त्या गावांतील लोकांना कळण्याचे कारण नव्हते; कारण त्यांचा प्रदेश नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

किल्लारीच्या वेळी कोणताही ज्ञात विभंग, म्हणजे खडक तुटून सरकण्याची प्रतल-रेषा, त्या ठिकाणी नकाशावर दाखविलेला नव्हता. भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र पाडून पाहण्यात आले. वरचा बेसाल्टचा थर ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा खडक, आणि त्याखाली पुरातन ग्रॅनाइटी पाया. लालबागेच्या टेकडीवर जो उन्हात पडला आहे त्याच प्राचीन वर्गातील खडक किल्लारीच्या काळ्या जमिनीखाली होता. वयाने वृद्ध असणे म्हणजे शांत असणे नव्हे, हे सिद्ध करण्यास ह्याहून दुःखद पुरावा मिळाला नसता.

२००२ साली भूकंप-विभागांचा नकाशा पुन्हा सुधारला गेला. किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या विभागात आला, आणि ‘विभाग १’ काढून टाकण्यात आला. १९७० मध्ये शून्य गेला, २००२ मध्ये एक गेला. भारतातील कोणताही भूभाग त्या नकाशात दोनच्या खाली राहिला नाही. बेंगळूर, आणि म्हणून बनशंकरीही, त्या नकाशात दुसऱ्या विभागात आहे. त्याचा अर्थ तेथे धोका कमी मानला जातो, एवढाच घ्यावयाचा; धोका नाही असा नव्हे.

७. तीन किलोमीटर खोल

भूकंपाचा उगम जमिनीवरून मोजीत राहण्यापेक्षा त्याच्या अधिक जवळ जाऊन पाहावे, ह्या हेतूने कोयनेच्या परिसरात खोल छिद्रे पाडण्याचा प्रकल्प भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने हाती घेतला. त्यासाठी कऱ्हाड येथे स्वतंत्र संशोधनकेंद्र उभारण्यात आले. रासाटी येथील सुमारे दीड किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे ९३२ मीटर भरली. त्यानंतर गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले; तेथे बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. किल्लारीस बेसाल्ट व पाया ह्यांच्यामध्ये गाळाचा थर होता. रासाटीस तो मुळीच आढळला नाही, लाव्हारस थेट पुरातन खडकावरच पसरला होता. म्हणजे ज्या पायावर बनशंकरीची वस्ती उभी आहे त्याच कुळातील खडक पाहण्यास कोयनेत एक किलोमीटरच्या आसपास खोल उतरावे लागते.

वर आलेल्या खडकांच्या लांबट कांड्यांतून भेगा, त्यांतील खनिजे आणि पाणी मुरल्याच्या खुणा तपासता आल्या. जी गोष्ट शोधावयाची नव्हती तीही हाती आली: खोल खडकांच्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांचे अस्तित्व दिसून आले. जेथे सूर्यप्रकाश नाही तेथे हे जीव कशावर जगतात, आणि किती काळापासून जगत आले आहेत, हा भूकंपाशी काहीही संबंध नसलेला एक नवा प्रश्न भूकंपाच्या अभ्यासकांनी जीवशास्त्रज्ञांच्या हाती दिला.

असा अनुभव केवळ आपल्याकडेच येतो असे नाही. रशियातील कोला द्वीपकल्पात १९७० पासून घेतलेले छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटर खोलीस पोहोचले. सुमारे सात किलोमीटर खाली ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल, असे भूकंपलहरींवरून अनुमान होते. बेसाल्ट लागलाच नाही. भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला निराळाच खडक लागला. तळाशी सुमारे १०० अंश सेल्सियस तापमान अपेक्षित असता ते १८० अंशांच्या घरात निघाले. मनुष्याने केलेला हा सर्वांत खोल प्रयत्न पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा सुमारे पाचशेविसावा भाग आहे. कोयनेचे छिद्र एकविसशेवा.

ह्यापुढचे सर्व ज्ञान अप्रत्यक्ष आहे, आणि त्याचाही एक धागा आपल्याच देशातून जातो. १८९७ सालच्या आसामच्या प्रलयंकारी भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी अभ्यासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील आर. डी. ओल्डहॅम ह्यांनी भूकंपलहरींचे निरनिराळे प्रकार वेगळे ओळखले, आणि १९०६ साली त्या लहरींवरूनच पृथ्वीस गाभा असल्याचे दाखविले. पुढे १९३६ साली इंगे लेहमान ह्यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे सिद्ध केले. ज्या भूकंपांनी गावे नष्ट केली त्यांनीच पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान दिले. आणि त्या ज्ञानाने, दाराच्या आत दार असावे त्याप्रमाणे, पुढील प्रश्नांची दारे उघडली.

८. वर्तुळाचा हिशोब

वरील हकिगत वाचून एखाद्याच्या मनात निराशा उत्पन्न होण्याचा संभव आहे. प्रत्येक उत्तरातून प्रश्नच निघणार असतील, तर एवढे श्रम कशासाठी? ह्या शंकेचे निरसन एका सोप्या भूमितीय दृष्टान्ताने करता येईल.

आपले ज्ञान म्हणजे एक वर्तुळ, आणि त्याचा परीघ म्हणजे अज्ञाताशी भिडणारी सीमा, अशी कल्पना करू. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो. म्हणजे अज्ञाताशी संपर्क दुपटीने वाढतो, आणि जाणत्या माणसास प्रश्न अधिक दिसू लागतात ते ह्यामुळेच. परंतु त्याच वेळी वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते. त्रिज्या दसपट झाली तर सीमा दसपट वाढेल, क्षेत्र मात्र शंभरपट. प्रश्न वाढतात हे खरे. त्या प्रश्नांना सामोरे जाण्याची सामग्री त्याहूनही अधिक वाढते, हेही तितकेच खरे. दृष्टान्त हा दृष्टान्तच असतो आणि तो फार ताणू नये. तथापि ‘आपणास किती थोडे कळते’ ह्या जाणिवेचा अर्थ ‘काहीच कळत नाही’ असा करणे किती चुकीचे आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

किल्लारीनंतर हीच गोष्ट व्यवहारात दिसून आली. पुढचा भूकंप केव्हा आणि कोठे होईल हे सांगता येत नाही, ही मर्यादा मान्य केल्यावर विचाराची दिशा बदलते. मग प्रश्न असा होतो की, भूकंप कधीही झाला तरी घर माणसांवर कोसळू नये म्हणून काय करावे? ह्याचे उत्तर ठाऊक आहे, आणि ते अंमलात आणणे सामान्य गवंड्याच्याही आवाक्यातले आहे. दगडी भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधून ठेवण्यासाठी भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर बसवावे. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून अखंड पट्टा फिरवावा. कोपरे घट्ट सांधावे. छतावरील मातीचा भार कमी करावा. कमी मजबुतीच्या बांधकामासाठी असे नियम भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच प्रसिद्ध केले आहेत. भाकीत करता येत नाही हे जेथे मनापासून पटले, तेथे भिंती सुधारल्या. ‘आमच्याकडे भूकंप होत नाहीत’ ही खात्री जेथे टिकून राहिली, तेथे त्या तशाच राहिल्या.

९. समारोप

दक्षिणेचा पाया स्थिर आहे, असे एकेकाळी एका वाक्यात सांगता येई. आज त्याच विषयावर बोलावयाचे तर जलाशयाची पातळी, भेगांतील पाण्याचा दाब, साठलेला ताण, दडलेले विभंग, नकाशाचे विभाग आणि भिंतींची बांधणी, एवढ्या गोष्टींचा उल्लेख करावा लागतो, आणि प्रत्येकीपुढे एक प्रश्नचिन्ह ठेवावे लागते. ते एक वाक्य सुटसुटीत होते, पण त्यात ज्ञान कमी होते. प्रश्नचिन्हांनी भरलेले आजचे विवेचन अवघडल्यासारखे वाटते, पण त्यात ज्ञान अधिक आहे, आणि त्याच्या आधाराने अधिक माणसे सुरक्षित राहू शकतात.

विद्यार्थ्याने ह्यातून एक सवय अवश्य लावून घ्यावी. कोणताही निष्कर्ष शिकताना तो कशावरून काढला, त्यात काय गृहीत धरले आणि काय मोजलेच गेले नाही, हे तीन प्रश्न विचारावे. केल्व्हिन ह्यांचे गणित, धरणाच्या आराखड्यातील ५ शतांश आणि नकाशावरील ‘शून्य’ ही तिन्ही आपापल्या काळच्या प्रामाणिक व विद्वान माणसांची कामे होती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपल्या आजच्या खात्रीतही असाच एखादा ‘शून्य’ लपलेला असू शकेल, हे ध्यानात ठेवणे आपले कर्तव्य आहे.

अधिक विचारासाठी

१. लालबागेचा खडक एकेकाळी जमिनीत खोल होता हे कशावरून ठरविता येते?
२. जलाशयातील पाण्याने घातलेला दाब वरच्या खडकाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असता भूकंपास चालना कशी मिळते, हे आपल्या शब्दांत सांगा.
३. भूकंप-विभागांच्या नकाशातून ‘शून्य’ आणि ‘एक’ हे विभाग का काढले गेले? त्यामुळे आपले ज्ञान वाढले की कमी झाले?
४. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या भिंती, कोपरे आणि छत ह्यांचे निरीक्षण करा. शेवटून दुसऱ्या प्रकरणात सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणत्या तेथे आढळतात?
५. ज्या गोष्टीविषयी आपणास पूर्ण खात्री आहे अशी एक गोष्ट निवडून, ती खात्री कोणत्या गृहीतांवर उभी आहे ह्याची यादी करा.